पोळ्याआधीचं पाणी

ज्या साली मयुरीचं लग्न झालं आणि भरमांडवात बोराएवढ्या गारा पडल्या, ते दोन हजार तेवीस साल. मे महिना होता. त्या दिवसांत नागपूरची माणसं दुपारी दारं लावून कूलरपुढे आडवी झालेली असतात. पण त्या दिवशी वऱ्हाडी डोक्यावर खुर्च्या धरून पळाले, वरणाच्या गंजात गारा टपटपल्या आणि नवरदेवाच्या फेट्याचा रंग त्याच्या कानामागून ओघळला.

म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, अपशकुन. शेजारच्या लेआउटमधले मनोहरराव, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि अजून सेवेत असल्यासारखे बोलणारे, ते म्हणाले, "क्लायमेट चेंज." म्हणून झाल्यावर त्यांनी ओला झालेला गुलाबजाम बाजूला सारला आणि कोरडा मागितला.

मयुरीचा आजा ईश्वरदास म्हणाला, "होते असं कवा कवा. आपल्या लग्नात बी आभाळ नोतं का?"

"आपल्या लग्नात आभाळ नोतं जी," तुळजाबाई म्हणाली. "धूर होता. तुमच्या काकाची बिडी गवताले लागली होती."

तुळजाबाई ही ईश्वरदासची बायको, मयुरीची आजी. वय अडुसष्ट. माणसांबद्दल तिला फारसा आदर नव्हता. नवऱ्याबद्दल तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून नव्हता. पण तिने त्याला बावन्न वर्षं वेळेवर जेवू घातलं होतं. दोन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात.

उमरडोह हे त्यांचं गाव. गाव म्हणायचं ते सवयीने. नागपूर शहर रामटेकच्या रस्त्याच्या कडेने वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलं आणि घास गिळावा तसं गिळून पुढे गेलं. मधे उरला तो जुना तलाव. मालगुजाराच्या काळचा, तीन बाजूंनी उताराचं पाणी घेणारा, चौथ्या बाजूला मातीची उंच पाळ. पाळीच्या एका टोकाला सलंग, म्हणजे मुद्दाम खोलगट ठेवलेली वाट. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून आपसूक निघून जायचं. आणि पाळीच्या मध्यावर, पाण्यात उभा, तुडूम. तुडूम म्हणजे चुन्यात बांधलेला पोकळ दगडी खांब. त्याला एकाखाली एक पाच भोकं, प्रत्येक भोकात सागाच्या लाकडाचं बूच. वरचं बूच ओढलं की वरचं पाणी खांबाच्या पोटातून पाळीखालच्या पाटाला लागतं आणि धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, जातं.

ही बुचं काढणारा माणूस तो पाणकर. ईश्वरदास पाणकर, त्याचा बाप पाणकर, आजा पाणकर. आणि त्यांचा नियम एकच: पोळ्याआधी तुडूम निघत नाही. पोळ्याला बैल तलावात धुवायचे, तोरणाखाली उभे करायचे, पोळा फुटला की पाणकराने नारळ फोडायचा आणि पाण्यात उतरून पहिलं बूच काढायचं. गावाने त्याला एक नारळ आणि एक दुपट्टा द्यायचा.

नियम काढला तेव्हा तो शहाण्या माणसाने काढला असेल, हे तुळजाबाईही मान्य करायची. तेव्हा पाऊस मृगापासून हस्तापर्यंत अंग चोरून, रोज थोडा थोडा पडायचा. तलाव पोळ्यापर्यंत कुठे भरत यायचा. आधीच सोडलं तर धान गर्भात येताना घालायला पाणी कुठून आणायचं? म्हणून पोळा. पण शहाण्या माणसाने नियम काढला की तो मरून जातो, आणि नियम सांभाळायला मागे राहतात ते ईश्वरदाससारखे.

पूर्वी पाटाखाली चाळीस घरांचं धान होतं. आता तीन घरांचं उरलं होतं. बाकी सगळा लेआउट, प्लॉट पाडून उठलेली वस्ती. पाळीच्या पायथ्याला, तलावाच्या पातळीच्या खाली, रंगीत घरं. त्यातलं एक घर तुळजाबाईच्या लेकीचं, मयुरीच्या आईचं, शामलाचं. शामलाच्या नवऱ्याने प्लॉट घेतला तेव्हा तुळजाबाई म्हणाली होती, "पानी डोक्यावर अन् तुमी खाली झोपता. मासोळी हा का तुमी?" जावई हसला होता. जावयांना हसता येतं.

आणि सलंगात भिंत होती. ती मनोहररावांनी बांधवली होती. सलंगातून पावसाळ्यात साप येतात, घाण पाणी येतं, म्हणून लेआउटच्या सोसायटीने वर्गणी काढून तोंडावर विटांची भिंत घातली. तिच्यावर आतल्या बाजूने कमळं रंगवली. खरी कमळं दहा पावलांवर होती.

जून महिन्यात रामदासपेठेतल्या एका हॉलमध्ये पाण्यावर काम करणाऱ्या लोकांची सभा झाली. ईश्वरदासला बोलावणं आलं. पारंपरिक जलज्ञानी म्हणून सत्कार होता. तुळजाबाई सोबत गेली. हॉल इतका थंड होता की नवऱ्याच्या खांद्यावर शाल पडल्याबरोबर तिने ती काढून स्वतः पांघरली. बाहेर बेचाळीस डिग्री. आत माणसं कोट घालून, बाटलीतलं पाणी पीत, उष्णतेवर बोलत होती. अर्ध्या बाटल्या तशाच टेबलावर सोडून ते जेवायला उठले.

त्यात एक हर्षा नावाची मुलगी होती. पावसाच्या नोंदी ठेवायची. तिने पडद्यावर रेघा दाखवल्या. पाऊस तेवढाच पडतो, म्हणाली, पण पडायचे दिवस कमी झाले. मधले खंड लांबले. जो पाऊस महिन्याभरात यायचा तो तीन दिवसांत येतो. त्यामुळे तलावातलं जीवनही बिघडतं. मासे, पक्षी, पाणवनस्पती सगळ्यांचं वेळापत्रक चुकतं.

ईश्वरदासला डुलकी लागली होती. तुळजाबाई मात्र सावरून बसली. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती लहानपणापासून त्या तलावात उतरत आली होती, कमळकाकडी काढायला. कमळाचं पान पाण्याबरोबर हळूहळू वर येतं. त्याला तीन दिवसांत चार हात उडी मारता येत नाही. ते खालीच सडतं. त्या पानांवर कमळपक्षी अंडी घालायचे, ती वाहून जायची. पहिल्या पुराला मासे सलंगातून चढून तलावात यायचे, आता रंगवलेल्या कमळांच्या मागच्या कोऱ्या विटांवर आपटून खाली पडायचे. चार वर्षांत काय वाढलं असेल तर बेशरमाची झुडपं. त्यांना काहीही चालतं. म्हणूनच तर ते नाव.

सभेच्या शेवटी हर्षाने ईश्वरदासला विचारलं, "काका, तुम्ही तुडूम कधी उघडता?"

"पोळ्याले. पोळ्याआधी नाई."

"यंदा अधिक श्रावण आहे. पोळा चौदा सप्टेंबरला येतोय. आणि तुमचा तलाव हल्ली जुलैतच भरतो. म्हणजे दीड महिना तो काठोकाठ राहणार. मधे एखादा मोठा पाऊस आला तर ते पाणी जाणार कुठे?"

"सलंगातून जाईल."

"सलंगात भिंत आहे. मी बघून आले."

दुसऱ्या रांगेतून मनोहरराव म्हणाले, "ती तात्पुरती आहे."

"किती वर्षांपासून तात्पुरती आहे?"

मनोहररावांनी मोबाईल काढून पाहिला, जणू उत्तर त्यात होतं.

ईश्वरदासने घसा साफ केला. "पोरी, माह्या आजानं तुडूम सांभाळला, बापानं सांभाळला. पोळा कवा येते थे पंचांग ठरवते. मी कोन? तू कोन?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळजाबाईला त्या टाळ्यांची किळस आली. ज्यांच्या घराला तलाव नाही, धान नाही, पोळा नाही, ते सगळ्यात जोरात वाजवत होते.

बसमध्ये ती म्हणाली, "पोरीनं खोटं काई नाई सांगतलं."

"तिच्या चपला पायल्या का तू? पांढऱ्या. एक दिवस टिकतीन का चिखलात?"

"चपलीत अक्कल ठेवत असन तुमच्याकडे. तिनं डोस्क्यात ठेवली हाय."

"शाल दे माही."

"थंडी वाजून राहिली का? बसमंधी?" तिने शाल दिली नाही.

पाऊस आला तो जूनच्या अखेरीला. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, उशिरा झाली. जुलैत तीन दिवस असा बरसला की पाखराला पंख झटकायला फुरसत दिली नाही. चौथ्या दिवशी तलाव तुडुंब होता. मनोहररावांनी पाळीवर बसवलेल्या बाकांवरून लोकांनी फोटो काढले. पाणी भिंतीला, रंगवलेल्या कमळांच्या देठापर्यंत लागलं होतं, त्यामुळे फोटोत ती खरी वाटत होती.

मग ऑगस्ट आला आणि आभाळ पुसून टाकल्यासारखं कोरडं झालं. तीन आठवडे थेंब नाही. तलावाच्या काठाला हिरवी साय धरली, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. पाळीच्या पलीकडे बांध्यांना भेगा पडल्या. एका बाजूला काठोकाठ पाणी, दुसऱ्या बाजूला करपलेलं धान, मधे पाच लाकडी बुचं. आणि बुचांवर एक म्हातारा, पंचांग मांडीवर घेऊन.

भैयाजी आला. उरलेल्या तीन धानकऱ्यांतला हा एक, ईश्वरदासच्याच वयाचा, गावात बैलजोडी राखून असलेला एकटा माणूस. तो दारात उकिडवा बसला.

"पानी सोडता का जी, पाणकर? धान पिवळं पडून राहिलं."

"पोळा कवा हाय?"

"चौदा सप्टेंबर."

"मंग?"

"दरसालसारखं असतं तर पोळा चार दिवसांवर आला असता. यंदा अधिक आला मधात."

"अधिक आला थो देवाचा महिना. त्याले मी काय करू?"

तुळजाबाई आतून तांदूळ पाखडत म्हणाली, "भैयाजी, तुमच्या धानाले सांगतलं का अधिक महिना हाय म्हनून? सांगून पाहा. थांबन थे महिनाभर."

भैयाजी कसंनुसं हसला. "वैनी, परंपरा हाय."

"मंग आले कायले? परंपरा घरी बसून पाळता येते."

भैयाजी उठून गेला. मागायला आला आणि देवाचं नाव ऐकून रिकामा परतला. तुळजाबाईने त्या दिवसापासून मूर्खांच्या यादीत नवऱ्याच्या खालोखाल त्याला ठेवलं.

तिने मनोहररावांचंही दार वाजवलं. ते झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते.

"भिंत काढा जी सलंगातली. आता कोरडं हाय तवरच काढा."

"ताई, त्यातून साप येतात."

"सापाले रस्ता देला तर थो जाते. पान्याले नाई देला तर थे घरात येते. तुमी कोन पायजे थे ठरवा."

"ठराव घ्यावा लागेल. सोसायटीची मीटिंग दिवाळीनंतर आहे. आणि तुमचे मिस्टर काय म्हणाले सभेत? परंपरा. मला तर फार आवडलं ते." त्यांनी पेपर पुन्हा वर केला. पेपराआडून म्हणाले, "भरलेला तलाव किती छान दिसतो, नाही?"

ऑगस्टच्या तीस तारखेला राखी होती. ईश्वरदास बहिणीकडे उमरेडला गेला, मुक्कामी. तुळजाबाईने दुपारी भांडी घासली, लुगड्याचा काचा मारला आणि भर उन्हात, चार माणसांच्या देखत, पाळीवरून तलावात उतरली. तुडुमाला बाईने हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. तो कोणी काढला असेल हे सांगायला पंचांग लागत नाही. तिने श्वास धरला, बुडी मारली, वरचं बूच दोन्ही हातांनी हलवलं आणि काढलं. पुन्हा वर आली, दम घेतला, दुसरंही काढलं. ती दोन्ही बुचं तिने पाळीवर वाळत घातली, पापड घालावे तशी.

पाटात पाणी लागलं. तासाभरात बगळे जमले. भैयाजी बांधावर उभा राहून पाण्याकडे पाहत होता, पण बांधीचं तोंड फोडेना.

"फोडा ना जी," ती म्हणाली. "पापाची वाटणी मी घेतली, तुमी खाली पानी घ्या."

त्याने शेवटी फावडं मारलं. त्या दिवसात आणि त्या रात्रीत तलाव वीतभर उतरला.

दुसऱ्या दिवशी ईश्वरदास परतला तो पाटाचा आवाज ऐकतच. घरी आला नाही. पिशवी पाळीवर ठेवली, बुचं उचलली, पाण्यात उतरला आणि दोन्ही भोकं बंद केली. पुन्हा कोणाला निघू नयेत म्हणून बुचांना धोतराच्या चिंध्या गुंडाळून दगडाने ठोकून बसवली. वर येऊन पाळीवर लुगडं वाळवणाऱ्या बायकोकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. तिच्या हातचं जेवला मात्र. ताट सरकवून द्यायचं, उचलून घ्यायचं, मधे शब्द नाही.

तुळजाबाई पुन्हा उतरू शकली असती. रोज उतरू शकली असती. पण तिलाही ताठा होता. म्हणाली, गेलं चुलीत, आता मेले तरी हात लावणार नाही. जो दोष ती साऱ्या दुनियेत पाहत होती, तो त्या दहा दिवसांत तिच्याच घरी येऊन बसला होता, आणि तिने त्याला पाट टाकून दिला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर आली, मग अजून एक. वीतभर उतरलेला तलाव पुन्हा काठाला लागला. खेकडे बिळं सोडून पाळीच्या माथ्यावर चढू लागले. ईश्वरदासने ते पाहिले आणि म्हणाला, शेजाऱ्याला उद्देशून, खेकडे यंदा चांगले हायेत.

नऊ तारखेला शनिवारी संध्याकाळी पाऊस लागला. रविवारी सकाळी उजाडलं तेव्हा तो थांबला नव्हता, आणि पडत होता असंही म्हणवत नव्हतं. ओतत होता. दहा वाजता पाणी पाळीच्या माथ्याखाली हातभर होतं. साडेदहाला वीतभर. पाळीच्या बाहेरच्या अंगाने, जिथे खेकड्यांनी पोखरलं होतं, तिथून गढूळ धारा सुटल्या होत्या. खाली लेआउट होता. शामलाचं घर पहिल्याच रांगेत.

तुळजाबाई आधी तिथे गेली. जावई कामावर. शामला पलंगावर गाद्या रचत होती.

"गाद्या राहू दे. चाल."

"माय, फ्रिज..."

"फ्रिज पोहून येईल. तू चाल वं."

लेकीला घेऊन ती पाळीवर आली तर तिथे जत्रा. छत्र्या, मोबाईल. मनोहरराव कोणत्या तरी कार्यालयाला फोन लावत होते आणि पलीकडून वाजणारी धून सगळ्यांना ऐकवत होते. तुडुमाजवळ ईश्वरदास उभा होता, उघडा, धोतर खोचून.

त्याला आता तुडूम काढायचा होता. हे त्याच्या डोक्यात शिरलं होतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणावं लागेल. पण पोळा चार दिवसांवर होता. तीन पिढ्यांत पोळ्याआधी तुडूम निघाला नव्हता. एकदा निघाला तो बाईने काढला, तो धरायचा नव्हता. मग या माणसाने काय ठरवलं? त्याने पोळाच अलीकडे आणला.

"भैयाजी, बैल आना," तो म्हणाला. "पोळा आज करू. मंग तुडूम काढू."

आणि भैयाजी बैल आणायला गेला. कोणी हसलं नाही. कोणी त्याला धरून ठेवलं नाही. एक जण आंब्याची पानं तोडायला गेला, एक जण सुतळी. गुलाल भिजलेला निघाला म्हणून दुसरा शोधू लागले. बँकेत, कॉलेजात कामाला जाणारी माणसं, भर पावसात, फुटायला आलेल्या पाळीवर तोरण बांधत होती. त्यांतले निम्मे त्याचं शूटिंग करत होते.

तुळजाबाईने एकदा ते पाहिलं. मग तिने शामलाचा हात धरला आणि पाळीच्या टोकाकडे निघाली. वाटेत एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथून तिने लोखंडी सब्बल उचलली.

सलंगातल्या भिंतीला पाणी छातीपर्यंत लागलं होतं. पलीकडच्या कोरड्या अंगाने, बाजूच्या उंचवट्यावर उभं राहून तिने वरच्या विटेच्या सांध्यात सब्बल घातली. तात्पुरती भिंत सिमेंटात कंजुषी करून बांधलेली होती. सोसायटीच्या कंजुषीबद्दल तुळजाबाईला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. पहिली वीट निघाली, दुसरी निघाली.

मनोहरराव छत्री घेऊन धावत आले. "ताई, ही सोसायटीची मालमत्ता आहे. ठरावाशिवाय..."

"शामला," तुळजाबाई म्हणाली, "ह्यायले सांग, विटेखाली पाय येईल."

मनोहरराव मागे सरले. शामलाने सब्बल घेतली. ती जाडजूड, हाताची भक्कम होती. तिने पाच-सहा घाव घातल्यावर मधला भाग पोटातून फुगला आणि पाण्याने तो स्वतःच ढकलून दिला. रंगीत कमळं विटांसकट नाल्यात गेली. पाणी असं सुटलं की मायलेकी मागे पडल्या. जुन्या वाटेने, जसं ते शंभर वर्षं जायचं, तसं.

तुळजाबाई उठली आणि पाळीच्या दगडाकडे पाहत बसली. बोट. दोन बोटं. पाणी उतरत होतं. पाऊसही आता थोडा दमला होता. पाळ धरणार होती.

"जाय," ती शामलाला म्हणाली. "बाबाले सांग, पानी उतरून राहिलं. तुडुमात उतरू नका म्हन. खालून वढ असते, भरल्या तलावात."

शामला पाळीवरून धावली. ती पोचली तेव्हा बैल तोरणाखाली उभे होते, शिंगांवरून गुलाल गळत होता. नारळ फुटला होता. ईश्वरदास पाण्याच्या काठाशी होता.

"बाबा, थांबा. सलंग मोकळा झाला. पानी उतरून राहिलं, मायनं सांगतलं."

"कोनं सांगतलं?"

"मायनं."

ईश्वरदासने भैयाजीकडे पाहिलं. "पोळा झाला ना गा?"

"झाला," भैयाजी म्हणाला.

"मंग तुडूम निघालाच पायजे. पोळा झाल्यावर बूच राहू देता येत नाई."

"बाबा, गरज नाई आता."

"गरजेचं कोन बोलून राहिलं?" तो म्हणाला, आणि उतरला.

भैयाजी त्याला धरू शकला असता. हातभर अंतरावर होता. पण नियमाप्रमाणे पाणकर पाण्यात उतरताना त्याला शिवायचं नसतं.

वरची दोन बुचं निघेनात. त्यानेच चिंध्या घालून ठोकली होती. दोनदा तो वर आला, रिकाम्या हाताने, ओठ निळे. तिसऱ्यांदा तो खाली गेला ते तिसऱ्या बुचासाठी. तिसऱ्याला कधी वरची दोन निघाल्याशिवाय हात लावत नाहीत. वरच्या सगळ्या पाण्याचा भार त्या एका भोकाने ओढून घेतो. हे गावात सगळ्यात चांगलं कोणाला ठाऊक असेल तर त्यालाच. बूच निघालं. पाळीपलीकडे पाटात पाणी धो धो आलं आणि लोकांनी हर बोला महादेव केला. मग पाटातलं पाणी एकदम बारीक झालं. भोकात काहीतरी अडकलं होतं.

तुळजाबाई येईपर्यंत पोहणारे दोघे उतरून परत आले होते. त्याचा हात खांद्यापर्यंत भोकात गेला आहे, म्हणाले, ओढ आहे, निघत नाही. ती पाळीवर बसली. कोणी छत्री धरली, ती तिने बाजूला केली. सलंगातून पाणी जात राहिलं आणि तलाव शांतपणे उतरत राहिला. तीन वाजता पाळीपलीकडे पाटाचं तोंड माती टाकून बुजवलं, तुडुमाच्या पोटात पाणी चढून ओढ थांबली तेव्हा त्याला मोकळं करता आलं. बैल तोपर्यंत तसेच उभे होते. त्यांना सोडायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लेआउटमधलं एकही घर पडलं नाही. शामलाच्या फ्रिजला ओलही लागली नाही.

दहनघाटावर मनोहररावांनी चार शब्द बोलायची परवानगी मागितली. परंपरेसाठी प्राण देणारा माणूस, असं त्यांनी सुरू केलं.

"परंपरेसाठी नाई जी," तुळजाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "माह्याशी बोलत नोता म्हनून. बसा खाली."

ते बसले.

पाणकर ईश्वरदास, वय चौऱ्याहत्तर, रविवार, दहा सप्टेंबर दोन हजार तेवीस रोजी दुपारी बाराच्या सुमारास उमरडोहच्या तलावात बुडून मेला.